ओढ्यासाठी माणसं जोडायची आहेत, सुरुवात कुठून करू?

निळी_छत्री

नमस्कार. मी पुण्यात पद्मावतीला राहते, वय २७, नोकरी हिंजवडीत. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून आंबील ओढा वाहतो आणि पलीकडच्या काठावर वस्ती आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या, पलीकडची कितीतरी घरं आतून धुऊन निघाली. अरण्येश्वरला टांगेवाला कॉलनीत तर भिंत कोसळून माणसं गेली. तेव्हापासून ओढा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सध्याची परिस्थिती अशी: रात्री उशिरा ट्रॅक्टर येतात आणि काठावर राडारोडा ओतून जातात. पात्र अरुंद होत चाललंय. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले की अंगठे येतात, माणूस येत नाही. मी आणि मैत्रिणीने स्वच्छता मोहीम घेतली, पहिल्या वेळी बऱ्यापैकी गर्दी झाली. पुढच्या वेळी आम्ही दोघी आणि तिचा भाऊ. वस्तीतून तर कुणीच आलं नाही. पात्राची रुंदी मोजत होतो तेव्हा एका बाईंनी काठावरून विचारलं, "मोजमाप कशाला घेताय?" आणि उत्तर न ऐकताच आत गेल्या.

मला हे काम नीट, टिकेल असं करायचं आहे. त्यासाठी पर्यावरणाचा एखादा कोर्स करावा का? नोकरी सोडावी लागेल का? आधी संस्था नोंदवून घ्यावी का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, माणसं कशी जोडायची? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगितलं तर फार मदत होईल.

---

आवक_जावक

कागदाबद्दल मी सांगतो, माणसांबद्दल इतर कुणी सांगेल.

ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे तक्रार नव्हे. प्रत्येक वेळी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा, तारीख, वेळ, नेमकी जागा आणि फोटो जोडून. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ॲपवरची तक्रार "निकाली काढली" असा मेसेज येऊन बंद होऊ शकते. शिक्का मारलेली पोच तुमच्या हातात राहते.

मग माहिती अधिकार. २००५ चा कायदा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न नेमका विचारा. "ओढ्यासाठी काय केलं?" असं विचारू नका. "अमुक पूल ते तमुक पूल या भागात मागच्या पावसाळ्याआधी झालेल्या नालेसफाईच्या कामाचा आदेश, मोजमाप पुस्तक आणि ठेकेदाराला दिलेलं बिल यांच्या प्रती द्या," असं विचारा. मोजमाप पुस्तकात किती गाळ काढला ते लिहिलेलं असतं, आणि तो खरंच काढला का हे काठावर राहणाऱ्याला बघून कळतं.

निळी रेषा आणि लाल रेषा, म्हणजे नकाशावरच्या पूररेषा, समजून घ्या. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा रोज बघायची सवय लावा. हरकतींची मुदत त्या चार ओळींत असते आणि ती गेली की गेली. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, पण तिथे जायची वेळ आली तर हेच सगळे कागद लागतील.

---

सातारा_रोड_काकू

तुझ्याएवढी माझी भाची आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करते. मी याच ओढ्याच्या खालच्या अंगाला राहते. सहकारी बँकेत कॅशिअर होते आणि नोकरीत असतानाच या कामाला लागले. वरच्या उत्तरातलं कागदाचं सगळं बरोबर आहे, ते जपून ठेव. मी माणसांचं सांगते.

तू एवढं लिहिलंस त्यात मला त्या बाईंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला. २०२१ च्या जूनमध्ये दांडेकर पुलाजवळ याच ओढ्याकाठची घरं पाडली, भर पावसाळ्यात. पाडापाडीच्या आधी टेप आणि कागद घेतलेली माणसं येतात, हे काठावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तू "ओढा वाचवा" म्हणतेस तेव्हा पलीकडे ते "आम्हाला उठवा" असं ऐकू जातं. ही भीती खरी आहे आणि ती भाषणाने जात नाही. तुला स्वतःला आधी ठरवावं लागेल की ओढा मोकळा करायचा म्हणजे कुणाला हलवायचं का, हलवायचं असेल तर कुठे, कुणाच्या संमतीने. याचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर वस्तीत पाऊल टाकू नकोस. माझं उत्तर मी पहिल्याच दिवशी सांगते: पर्यायी घर जवळपास आणि लेखी मिळाल्याशिवाय एकही घर हलता कामा नये, आणि राडारोडा टाकणारे वस्तीतले नाहीत. दुसरी गोष्ट तर तू रात्री स्वतःच बघते आहेस.

मग जायचं. फोन पिशवीत ठेवायचा. एकच प्रश्न विचारायचा, त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं? या प्रश्नाला उत्तर न देणारं घर मला अजून भेटलेलं नाही. आमच्या इथे एका घरात स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर, मसाल्याच्या डब्यांच्या फळीच्या जरा खाली, त्या घरातल्या मुलाने ऑइलपेंटने लाल रेघ ओढून ठेवली आहे. त्याच्या आईने नंतर घराला रंग दिला, पण ती रेघ तेवढी सोडून. ती बाई बसल्या बसल्या सांगते की पाणी आधी मोरीतून उलटं आत आलं, दारातून नंतर. म्हणजे ड्रेनेजची लाइन ओढ्याच्या पातळीला आधी भरली. हे कुठल्या अहवालात शोधायला गेलीस तर फिरावं लागेल, तिच्याकडे तोंडपाठ आहे. असं दहा घरी ऐक, तुझा नकाशा आपोआप होईल, आणि तो त्यांचा असेल.

वेळ सांभाळ. नळाला पाणी येण्याच्या वेळेत कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. सकाळी बायका धुण्याभांड्याच्या कामांना जातात, दुपारी दोननंतर थोडं बसतात. बैठक घ्यायची तर रात्री साडेआठनंतर, जेवणं आटोपली की. तू रविवारी सकाळी सातला मोहीम घेतलीस ना? ज्यांच्या घरात आठवड्याची एकच सुट्टी आहे आणि त्यांतल्याही बऱ्याच जणांना तीही नाही, ते लोक सातला हातमोजे घालून येणार नाहीत. त्यांना ओढ्याची पडलेली नाही असा त्याचा अर्थ काढू नकोस.

राडारोड्याबद्दल. ट्रॅक्टर अडवायला रात्री एकटीने अजिबात जायचं नाहीस, कितीही राग आला तरी. हे मी अगदी कळकळीने सांगते. तुमच्या पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी किंवा पानाचं दुकान असेलच. आमच्या टपरीवाल्या मावशींना कुठला ट्रॅक्टर कुठल्या वारी येतो, चालक चहा पितो की नुसता थांबतो, माल कुठल्या बांधकामावरून येतो, सगळं माहीत होतं. कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचं नाव कुठल्याही अर्जावर घालायचं नाही, हे आम्ही आधी कबूल केलं. त्यांनी कुठल्या बांधकामावरून ते सांगितलं, आम्ही दिवसाउजेडी त्या बांधकामाच्या फाटकाशी जाऊन ट्रॅक्टरचे नंबर टिपले, आणि अर्ज बांधकामाच्या नावाने केला. राडारोड्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि तो कुठे टाकायचा ही जबाबदारी ज्याने निर्माण केला त्याची आहे. चालकाला पकडून काय होणार, उद्या दुसरा येईल.

आता मंडळ. पुण्यात वस्तीचं काम गणपती मंडळाला वगळून होत नाही, आणि वगळावंसुद्धा नाही. पुराच्या रात्री आमच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलं ते मंडळाच्या पोरांनी. दोर त्यांच्याकडे, जनरेटर त्यांच्याकडे, स्पीकर त्यांच्याकडे, आणि कोणत्या घरात कोण आजारी आहे हे त्यांना पाठ. उत्सवाच्या दोन-अडीच महिने आधी देखाव्याचा विषय ठरतो, त्या बैठकीला जा. ओढ्यावर जिवंत देखावा करा म्हणावं, संहिता लिहून देते म्हणावं. आमच्याकडे एका मंडळाने केला. वस्तीतल्याच मुलींनी कामं केली, कात्रजच्या तलावापासून मुठेपर्यंतचा ओढा गल्लीतल्या चौकात मांडला, कुठे पूल बुजलाय, कुठे भिंत आत आली आहे, सगळं नावानिशी. पाहायला आलेल्या लोकांनी तिथेच उभं राहून "आमच्याकडे पण असंच आहे" म्हणून सांगायला सुरुवात केली. मंडळाचा कार्यकर्ता तेव्हा वही घेऊन उभा होता. पुढच्या कामाची निम्मी नावं त्या वहीतली आहेत.

वहीवरून सांगते. एक दोनशे पानी फुलस्केप वही कर. त्यात आलेल्या माणसाचं नाव, घर, आणि तिसऱ्या रकान्यात "काय घेतलं". म्हणजे त्या माणसाने कुठलं काम अंगावर घेतलं: अर्ज टाइप करणं, क्षेत्रीय कार्यालयात जाणं, पावसात पुलाखालचं पाणी बघून कळवणं, चहा आणणं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते माणूस पुन्हा येत नाही. तू सगळं स्वतःच करतेस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं: फोटो तू, ग्रुप तू, मोहीम तू. माणसं तुला शाबासकी देऊन घरी जातील. त्यांच्याशिवाय अडेल असं काहीतरी त्यांच्या हातात दे.

हे मला कुणी शिकवलं विचारशील तर कचरावेचक बायकांनी. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यक्रमातून काही जणी त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव पाठीशी उभे राहिले. त्या बायका पर्यावरणाचं रोज प्रचंड काम करत होत्या, पण त्यांना हवं होतं ते चोर समजलं जाऊ नये, कचरा वेगळा केलेला मिळावा. म्हणून ओळखपत्राची मागणी पुढे आली आणि महापालिकेने ते मान्य केलं. त्याच पायावर पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करायला लागली. आज आपण ओला-सुका वेगळा देतो त्यामागे ती संघटना आहे. पर्यावरणाचं काम पुण्यात कुणी उभं केलं असं मला विचारलं तर मी पहिलं नाव त्यांचं घेईन.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. नोकरी सोडू नकोस. पगार चालू असलेल्या माणसाला कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही. संस्था आत्ता नको. नोंदणीला सात माणसं लागतात, मग धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब, बदल अर्ज, आणि अध्यक्ष कोण यावरून पहिलं भांडण. सात माणसं सलग वर्षभर टिकली की बघ. कोर्स करायचा तर जरूर कर, इकॉलॉजिकल सोसायटीचा किंवा भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेतला. त्याने डोळे उघडतात, काठावर काय उगवतंय ते ओळखू येतं. पण कोर्स होईपर्यंत थांबू नकोस.

---

टेकडी_सकाळ

मी वेताळ टेकडीवर रोज जाणाऱ्यांपैकी. एक भर घालतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीसाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. बाहेरच्यांना वाटलं, समाजमाध्यमांनी केलं. पण त्याआधी वर्षानुवर्षं तेच लोक त्याच वेळी टेकडी चढत होते, कुणी झाडांना पाणी घालत होतं, कुणी फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताला लागलेला वणवा विझवायला धावत होतं. नावं माहीत नसली तरी चेहरे ओळखीचे होते. "रस्ता येतोय, बोगदा येतोय" म्हटल्यावर निरोप जायला वेळ लागला नाही. म्हणून माझा आग्रह असा की मोहिमा कमी घ्या, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ धरा, पाऊस असो, दोन माणसं असोत.

आणि झाडं लावायची घाई करू नका. आमच्या टेकडीवर पूर्वी गिरिपुष्प हे परदेशी झाड भरमसाट लावलं गेलं, त्याखाली गवतसुद्धा धड येत नाही. ओढ्याकाठी काय होतं ते जुन्या लोकांना विचारा. उंबर, करंज, वाळुंज असं काही ऐकायला मिळेल, त्यावरून ठरवा.

---

निळी_छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. काल संध्याकाळी पलीकडे गेले होते, फोन न काढता. ज्या बाईंनी मोजमापाचं विचारलं होतं त्यांच्याच घरी बसले. त्यांनी पाणी कुठवर आलं ते दाखवलं आणि मग शेजारणीला हाक मारली.

आता दोन अडचणी. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणतात, सोसायटीपुरतं बोला, वस्तीला यात आणू नका, सगळी घाण तिकडूनच येते. आणि निवडणुकीला उभे राहिलेले एक जण म्हणतात, मी जेसीबी लावून देतो, फक्त बॅनर माझा. काय करू?

---

सातारा_रोड_काकू

शेजारणीला हाक मारली ना, मग झालं तुझं सुरू.

अध्यक्षांशी वाद घालू नकोस. त्यांना ओढ्याच्या भिंतीशी घेऊन जा आणि तुमच्या सोसायटीचं सांडपाणी कुठे जातं ते दोघांनी मिळून बघा. खूप ठिकाणी इमारतीची लाइन मुख्य मलवाहिनीला जोडलेली असते असं कागदावर असतं आणि प्रत्यक्षात चेंबर फुटून पाणी ओढ्यात पडत असतं. तुमचं तसं नसेल तर उत्तमच. असेल तर "घाण तिकडूनच येते" हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा येणार नाही, आणि मलनिस्सारण विभागाला पहिला अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर जाईल. सोसायटीकडे ज्या गोष्टी आहेत त्या वस्तीकडे नाहीत: लेटरहेड, मागच्या भिंतीवरचा कॅमेरा, पोच घेऊन येणारा मॅनेजर. वस्तीकडे चोवीस तास काठावर असलेली माणसं आहेत. दोघांना एकमेकांची गरज आहे हे अध्यक्षांना पुढच्या पावसात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

जेसीबीला नाही म्हण. बॅनरचं एक वेळ सोसलं असतं, पण मार्चमध्ये कुणाच्याही सांगण्यावरून पात्रात जेसीबी घातला की काठाची माती सैल होते, गाळ बाजूलाच रचला जातो आणि पहिल्या मोठ्या सरीला पुन्हा आत येतो. त्यांना सांग, साहेब, तुम्ही क्षेत्रीय कार्यालयात आमच्याबरोबर या आणि नालेसफाईच्या कामाचा आदेश आणि गाळ कुठे नेऊन टाकणार हे लेखी मागा. खरंच मदत करायची असेल तर येतील. आले तर पक्ष कुठलाही असो, मान द्यायचा. उद्या दुसरा आला तर त्यालाही तोच मान आणि तेच काम.

पहिल्या बैठकीत एवढंच कर. पाण्याचा विषय घे, कचऱ्याचा नको. कचऱ्यावरून एकमेकांकडे बोटं जातात, पुरात सगळे एका बाजूला असतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं ते बघितलंस. तिथे वर खडकवासला धरण आहे, विसर्गाचा आकडा तरी जाहीर होतो, तो वेळेवर पोचला का हा पुढचा प्रश्न. आपल्या ओढ्याला तसा दरवाजाच नाही. कात्रजच्या डोंगरावर ढग रिकामा झाला की तलाव भरून वाहतो आणि खाली आपल्याला कळायच्या आत पाणी येतं. सूचना वरून खाली माणसानेच द्यावी लागते. म्हणून बैठकीत पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवायचं ठरवा, रंगवायची परवानगी मागणारा अर्ज तिथेच लिहा, आणि कोण कुणाला फोन करणार याची यादी करा. तुमच्या वर कात्रजच्या बाजूला एक दुकानदार आहेत, रात्री दोनलासुद्धा फोन उचलतात. तुमच्या खाली आम्ही. मधला, पद्मावतीचा टप्पा आमच्याकडे अजून रिकामा आहे.

दुकानदारांना विचारून त्यांचा नंबर तुला खासगी निरोपात पाठवते. आमची बसायची वेळ गुरुवारी रात्री साडेआठ, अरण्येश्वराच्या अलीकडच्या समाजमंदिरात. त्या बाई आणि त्यांची शेजारीण यायला तयार असतील तर त्यांना घेऊन ये, आणि फोनच्या यादीत पहिलं नाव त्यांच्यापैकी कुणाचं घालायचं ते त्यांनाच ठरवू दे.